वसंताची पळती गाणी

वसंता गेला त्या सकाळी मी कुकटपल्लीच्या घरी दाढी करत होतो. फोनवर त्याची बायको सुलभा होती. "भावजी, हे उठत नाहीयेत..." एवढंच म्हणाली. शहरातच हिमायतनगरला त्यांच्या घरी पोचेपर्यंत मी स्वतःला समजावत राहिलो, ही त्याचीच काहीतरी मस्करी असणार. महिना होऊन गेला, अजूनही अधूनमधून तसंच वाटतं.

केबलवर परदेशी गाणी दिसू लागली त्या वर्षांत आम्ही बँड काढला. वसंता गिटार वाजवत गायचा, ड्रमवर श्रीनू, बेसवर मी. आमचं स्वतःचं असं एकही गाणं नव्हतं. भावगीत असो की जुन्या सिनेमातलं विरहगीत, वसंता ते असं पळवायचा की चहा निवायच्या आत तिन्ही कडवी संपलेली. "याला पंक म्हणतात," तो ऐटीत सांगायचा. लोक पोट धरून हसायचे. एका गणेशोत्सवात, आपल्या मराठी मंडळींसमोर, त्याने चक्क अंगाई पळवली. त्याचे वडील नाना, सचिवालयातून निवृत्त झालेले, पहिल्या रांगेत ताठ बसून होते. घरी आल्यावर म्हणाले, "वसंता, पाळणा एवढ्या जोरात हलवलास तर पोर खाली पडेल रे."

"झेलीन की, नाना!"

त्यावर नानाही हसले.

पुढे वसंता-सुलभाला मुलगी झाली. जन्मतःच तिच्या हृदयाला छिद्र होतं. काही आठवडेच जगली, तीही इस्पितळातच... लगेच नामपल्लीला आमचा कार्यक्रम ठरलेला होता. मी म्हटलं, "नक्को वसंता, रद्द करू."

"नक्को कसं? लोक हसायला येतात."

गाणी नेहमीसारखी पळाली. मग गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अंगाई होऊ दे!" वसंताने डोळे मिटले आणि सुरुवात केली, अगदी हळू. श्रीनूने काठ्या मांडीवर ठेवल्या. यातही काहीतरी गंमत असेल म्हणून लोक हसत होते, आता पळेल, मग पळेल म्हणून वाट बघत होते. तो एकेक कडवं म्हणत राहिला, तसतसं हसू विरत गेलं. खाली उतरल्यावर त्याने गिटार माझ्या हातात दिली. "चल, घरी जाऊ. सुलभा एकटी आहे."

त्यानंतर आम्ही कधी वाजवलं नाही. श्रीनू संगणक शिकून अमेरिकेला गेला, मी कारखान्यात लागलो, वसंता विमा कचेरीत. विनोद तो करायचा, पण माणसं हसू लागली की उठून आत जायचा.

तेराव्याला परभणीहून पाहुणे आले. अंथरुणं पुरेनात, म्हणून मी माडीवरची आमची सरावाची खोली उघडली. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून वसंताने तिथे भिंतीभिंतीला गाद्या ठोकल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या उतरवल्याच नव्हत्या. मी एकीला हात घातला, तेवढ्यात सुलभा दारात आली. "राहू द्या, भावजी. शेजारून मागून आणते." ती गेली. मी तिथेच बसलो. खाली घर माणसांनी भरलं होतं... वर काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.