एकचाकी सायकलचं हँडल

एकचाकी सायकलला हँडल नसतंच, अशी माझी समजूत होती. लांब जायचं तर लागतं, असं मुलगी म्हणाली. वळवायला नाही, वळायचं ते कमरेनेच. पण एका हाताने सीटचं पुढचं टोक वर ओढून धरावं लागतं, आणि दहा-बारा किलोमीटर झाले की मनगट बधिर होतं. समोर दांडी असली तर दोन्ही हातांवर थोडा भार टाकता येतो. हे सगळं ती मला नव्हती सांगत, फोनवर मैत्रिणीला सांगत होती. मी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो.

माझी बायको जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. घरात आम्ही दोघंच, आणि दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरलेली. दूध आलं का, किल्ली कुठे आहे, एवढंच बोलणं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर निघालो तेव्हा तिने एकदाच विचारलं होतं, "बाबा, तुम्हाला काहीच वाटत नाही का?" मी डबा उचलला आणि गेलो. खरंच काही वाटत नव्हतं. हे पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं? तो प्रश्न तसाच राहिला. ती मला दगड समजत असणार, याची मला खात्री होती, आणि ते खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

म्हटलं, हँडल तरी करून देऊ. बोलता येत नाही तिथे काहीतरी बनवून द्यायचं, हा माझ्यासारख्यांचा जुना पळपुटेपणा आहे.

सातपूरला टूलरूममध्ये माझी सव्वीस वर्षं गेली. आमच्याकडे ड्रॉइंगशिवाय काम मशीनवर चढत नाही. ड्रॉइंग नसेल तर पार्टीकडून, म्हणजे गिऱ्हाइकाकडून, नमुना मागवायचा आणि त्यावरून मापं काढायची. सारखे फोन करून पार्टीला भंडावायचं नाही. हीच शिस्त मी घरी लावली. शनिवारी आमची सुट्टी असते. ती क्लासला गेल्यावर मी सायकल आडवी केली, सीटखालच्या बोल्टांमधलं अंतर व्हर्नियरने घेतलं. आता तिचा हात किती लांब पोचतो, ते हवं होतं. हात जागेवर नव्हता. मग दारामागच्या खुंटीवरचं निळं जर्किन काढलं. सायकलवर ती रोज तेच घालते. पलंगावर पसरून, बाहीची दुमड सरळ करून खांद्याच्या शिवणीपासून बाहीच्या टोकापर्यंत टेप धरला. सहाशे दहा मिलिमीटर. कागदावर लिहिलं, खाली रेघ मारली, जर्किन परत टांगलं.

भंगारातून एका जुन्या सायकलचा पाइप आणला. पाइप वाकवताना चेपतो, म्हणून आत कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही टोकं बंद केली आणि कारखान्यातल्या गॅसवर लाल करून हळूहळू वाकवला. सीटखाली बसायला पाच मिलिमीटरची पट्टी कापली. शिफ्ट सुटल्यावर हे सगळं घेऊन मागच्या गल्लीतल्या वेल्डरकडे गेलो. तो सटाण्याचा, माझ्या ओळखीचा.

"हाई काय शे भाऊ? सर्कस काढता का?"

"काढतो. तुला विदूषक घेतो."

तो हसला, मीही हसलो. हसू मला येत होतं, तक्रार ती नव्हती. हसून झाल्यावर आत काही हललेलं नसायचं. वेल्डिंग मात्र त्याने सुरेख केलं. मी कानस मारली, काळा रंग दिला, दोन्ही टोकांना रबरी मुठी चढवल्या. काम चोख झालं होतं. मला बरं वाटायला हवं होतं.

रविवारी सकाळी कामावर निघण्याआधी पार्किंगमध्ये मी ते सायकलला बसवलं आणि तिला खाली बोलावलं. ती निळं जर्किन घालूनच आली. खिडकीचं ग्रिल धरून वर चढली, मग एक हात पुढे केला. मुठीला बोटांची टोकं तेवढी लागली. पुढे वाकावं तर चाक मागे पळायला लागलं.

"लांब झालंय," ती म्हणाली.

मला राग आला. माझं माप चुकत नाही. "लांब कसं होईल? तुझ्या या जर्किनवरूनच घेतलंय."

तिने माझ्याकडे बघितलं. "हे आईचं आहे, बाबा."

बाही दोनदा दुमडलेली होती. तिने ती सोडली, तर तिची बोटं आत गडप झाली. बायको माझ्यापेक्षा दोन बोटं उंच होती. ते जर्किन मीच तिला सापुताऱ्याला जायच्या वेळी घेऊन दिलं होतं, भगवं नको, निळं घे, असा वादही घातला होता. आठ महिने ते माझ्या डोळ्यांसमोर घरात वावरत होतं. मी ते हातात घेतलं, पसरलं, मोजलं आणि ओळखलं नाही. आता तरी आत काही होईल म्हणून मी थांबलो. झालं नाही.

मग मी बोललो. "तू मागे विचारलं होतंस ना, ते खरं आहे. मला काही वाटत नाही. ती गेली हे कळतं, पण रडू येत नाही, काहीच येत नाही. त्या दिवसापासून असंच आहे."

ती ग्रिल धरून तशीच सायकलवर बसून होती. शेजारच्यांनी स्कूटर काढली, फाटक लावलं.

"मला पण काही वाटत नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, मीच वाईट आहे."

एकोणीस वर्षांची पोर. मी तिच्या नजरेपासून पळत होतो, आणि ती हे एकटी घेऊन बसली होती.

मी खिशातून टेप काढला. "हात पुढे कर."

पाचशे पन्नास भरले. मी पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा मोजलं, आणि तिने हात मागे घेतला नाही.