पाइप आला त्या हंगामात

"येऊ द्या मशीन. तेला कुटं जातपात हाय?" असं म्हणत आक्का डोक्यावरची चुंबळ नीट करायची आणि कापसाची टोपली उचलायची.

सत्तरनंतरची ती वर्षं. पूर्णा जंक्शनजवळच्या एका जिनिंगमध्ये मी मिस्तरी होतो. अंगणातला कापूस आतल्या, सरकी वेगळी करणाऱ्या चरख्यांपर्यंत बायका डोक्यावरून वाहायच्या. आक्का त्यांच्यात थोरली. छप्पन्न सालानंतर तिचं घर बौद्ध झालेलं, पण जिनिंगमध्ये तिला पाणी अजून वरूनच मिळायचं. तांब्या ओंजळीला लागू नये म्हणून मुकादम हात इतका उंच धरायचा, की निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर.

"मामा, पानी पाजायलाव का आंगूळ घालायलाव?" ती विचारायची.

मग कापूस ओढून नेणारा पत्र्याचा पाइप येणार, अशी बातमी आली. बायका धास्तावल्या. कुणी म्हणे, तो लुगड्यासकट आत ओढतो. कुणी म्हणे, बोकड दिल्याशिवाय चालायचाच नाही. मालकांच्या ओट्यावरचे अडते मात्र खूश. मशीन पोटुशी राहत नाही, लग्नाला जात नाही! तुम्हीही असं बोलणारे पाहिले असतील.

"मिस्तरी, मान वर करून चालाया मिळंल," आक्का मला म्हणाली. "अन् पाइपाम्होरं कापूस लोटाया बाया लागतीलच की."

खंडेनवमीला पाइपाच्या मोटारीला हळदकुंकू, झेंडूचा हार. मुकादमानं आक्काला आणि तिच्या वस्तीतल्या बायकांना दाराबाहेर थांबवलं.

"पूजा हाय. तुमी तितूनच बघा."

आक्का सरळ आत आली. हार घातलेल्या मोटारीवर तिनं पंजा ठेवला.

"चालू करा, मिस्तरी."

मी खटका दाबला. पाइप घुमू लागला.

"बघा मामा, चालायलंय!"

दारातल्या बायका खळखळून हसल्या. मालकही हसले.

दुसऱ्या दिवशी मोटारीवर गोमूत्र शिंपडलेलं. मी ते पुसत होतो, तेवढ्यात आक्का आली. मला वाटलं, आता काहीतरी टोला हाणेल. तिनं माझ्या हातातली चिंधी घेतली आणि मोटार स्वतः कोरडी केली.

हंगाम लागला. पाइपापुढं दोनच बाया पुरणार होत्या. मालक जातपात मानत नसत, हे खरं. म्हणून तर त्यांनी निवड मुकादमावर सोपवली. त्यानं आपल्या गावच्या दोघी ठेवल्या. आक्का दुपारपर्यंत फाटकाशी उभी होती.

"मालकांना भेटा तरी," मी म्हणालो.

"काय म्हनू? मीच समद्यास्नी सांगत व्हते, येऊ द्या म्हनून."

संक्रांतीच्या सुमारास एका तेलमिलीत बाया हव्यात असं कळलं, तेव्हा तिच्या वस्तीवर गेलो. घराला दारच नव्हतं. बिजागऱ्यांसकट काढून नेलेलं.

"दार इकून गेली लेकराबाळासंगं गाडीत बसून," शेजारीण म्हणाली. "कुटं, ते न्हाई सांगितलं."

रिकाम्या चौकटीतून वाकून पाहिलं. चुलीच्या राखेत एक कुत्री पिलांना पाजत पडली होती. मला बघून ती गुरगुरली.