तळ न पाहणारे

ऑस्बर्ट एनोच्या लेखी जगात माणसं दोनच तऱ्हेची: नांगर टाकल्यावर पाण्यात बुडी मारून तो रुतलाय का हे पाहणारी, आणि बाकीची गाढवं. कॅरियाकू बेटाच्या टिरल उपसागरात बोटी बांधायच्या, तळाशी दोराने जखडलेल्या तरंगत्या बोयांची देखभाल तो तेवीस वर्षं करत होता. त्याची बायको इडालिया म्हणे, "खाऱ्या पाण्यात लोखंडसुद्धा झिजतं, तुझी जीभ तेवढी झिजत नाही."

मार्चमधल्या एका दुपारी ब्रॅडफर्ड नावाचा पाहुणा पंचेचाळीस फुटी, दोन धडांची कॅटामरान बोट घेऊन आला. डोक्यावर सोनेरी नांगर काढलेली टोपी. त्याने खरा नांगर नेमका पाणगवतात सोडला, साखळी जेमतेम तळाला टेकेल इतकीच, आणि हात झटकले.

ऑस्बर्ट होडी वल्हवत जवळ गेला. "कप्तानसाहेब, वाळूत टाका. पाण्याच्या खोलीच्या पाच-सातपट साखळी सोडा. दोन्ही धडांच्या टोकांवरून दोर आणून साखळीला जोडा, म्हणजे बोट झुलणार नाही. ही बोट पाण्यात वीतभर नि वाऱ्यात घराएवढी!"

"फोनवर गजर लावलाय. बोट सरकली की वाजतो."

"वाजेल की! पण बोट धरून कोण ठेवणार, गजर?"

ब्रॅडफर्डची बायको ग्रेटा खुदकन हसली. ब्रॅडफर्ड नाही हसला.

तासाभरात डोंगरावरून वावटळ उतरली. गजर इमानेइतबारे वाजला. गवताचा भारा ओढत बोट मागच्या लाकडी गलबतावर आदळायला निघाली, आणि कप्तान फोन बंद करायची कळ शोधत बसला. ऑस्बर्ट होडीतून उडी मारून वर चढला. सुकाणू ग्रेटाने धरलं होतं.

"बाई, दोन्ही इंजिनं पुढे! तोंड वाऱ्यात ठेवा!"

त्याने नांगर वर घेतला. तिने न डगमगता बोट त्याच्या एका बोयापर्यंत नेली आणि त्याने दोन्ही टोकांचे दोर बोयाच्या कडीतून ओवून बांधले. मग कप्तानाला असं काही सुनावलं, की टोपी आपोआप खाली उतरली.

वारा पडला तशी ग्रेटाने पाण्यात पाहायचा चष्मा लावून बुडी मारली. वर आली ती गंभीर होऊन. "काका, बोयाखालचा तुमचा दोर अर्धा झिजलाय. शेवटचं कधी पाहिलं होतंत?"

गेल्या ईस्टरपासून ऑस्बर्टचा खांदा धरला होता, तेव्हापासून तो बोया वरूनच ओढून पाही आणि 'ठीक' म्हणे. आणखी एक झोत आला असता, तर त्यानेच बांधलेली बोट त्याच्याच दोरासकट गेली असती.

"खोटं बोलणार नाही," तो म्हणाला. "वर्ष झालं."

ब्रॅडफर्डने टोपी पुन्हा चढवली. "म्हणजे माझाच नांगर बरा होता!"

असल्या माणसाकडून हे ऐकावं लागलं, याचीच ऑस्बर्टला जास्त लाज वाटली. त्याने बोट दुसरीकडे वाळूत नांगरून दिली. तळ ग्रेटाने पाहिला.

घरी त्याने सगळं सांगितलं. इडालिया लग्नाआधी तळावरचे शंख काढायची. तिने जुना चष्मा शोधला आणि दुसऱ्या दिवशी अकरा बोयांखाली बुड्या मारल्या. तीन दोर बाद निघाले.

त्यातल्या चौथ्या बोयापाशी ती डोकं वर काढून म्हणाली, "दोर चांगलाय. पण ही गाठ कुठल्या आंधळ्याने मारलीय?"

ऑस्बर्टने वल्ही उचलली आणि होडी पाचव्या बोयाकडे वळवली.