एका गोधडीला चौघी

ती पाटी मी विसरलेले नाही. खून, मारामाऱ्या, पळवून नेलेल्या मुली, यांतली निम्मी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. पण काळ्या ग्रॅनाइटची ती पाटी अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर येते.

मी सातवी पास. त्या काळी महिला पोलिसात तेवढ्यावर घ्यायचे. शिपाई म्हणून लागले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. तपास साहेब लोक करायचे. घरझडतीला जायचं असेल आणि घरात बाईमाणूस असेल, तर मला जीपमध्ये मागे बसवून न्यायचे. बाकी वेळ ठाण्यात. रडणाऱ्या बायकांना पाणी द्यायचं, भांडणाऱ्यांना वेगवेगळ्या बाकांवर बसवायचं. त्यात माणसं खूप कळतात. साहेबाच्या टेबलासमोर माणूस तयारी करून बोलतो, बाकावर बसला की खरं बोलतो.

कर्वेनगर मागे टाकून कालव्याच्या कडेने पुढे गेलं की एक गाव होतं. होतं म्हणते, कारण आता ते पुण्यात गेलं. तेव्हा तिथे ज्वारीची रानं होती आणि रानांच्या मध्ये नव्या इमारती उठायला लागल्या होत्या. इमारती आल्या तशी ग्रामपंचायतीची घरपट्टी वाढली आणि पंचायतीच्या हातात पहिल्यांदा बरा पैसा आला. त्याचं काय करायचं, तर गावाच्या तोंडाशी कमान बांधायची असं ठरलं. पाणी दिवसाआड, गटारं उघडी, ओढ्यापलीकडच्या वस्तीच्या रस्त्याला एकही दिवा नाही. पण कमान हवी. शेजारच्या गावाने बांधली होती ना.

कमान झाली. मंत्रीसाहेब येणार होते. पितृपंधरवड्यात उद्घाटन नको म्हणून घटस्थापनेचा दिवस धरला. नावांची पाटी तयार होऊन आली आणि कमानीच्या खांबाला टेकवून, वर पोतं टाकून ठेवली. बसवायची तेवढी राहिली होती. एका दुपारी स्वागताच्या तयारीसाठी गावातले सगळे पुरुष शाळेत सभेला बसले. सभा सुटली तर नुसतं पोतं पडलेलं. पाटी नाही.

सरपंच तडक ठाण्यात आले. बरोबर चार सदस्य.

"साहेब, गावाची अब्रू गेली," म्हणाले. "आणि कुणी नेली तेही सांगतो."

वस्तीतल्या एका मुलाचं नाव त्यांनी घेतलं. बौद्ध कुटुंबातला, बाप वारलेला, आई इमारतींमध्ये घरकाम करणारी. आधीच्या ग्रामसभेत तो उभा राहून म्हणाला होता, "कमान कशाला? आधी वस्तीपर्यंत दिवे आणा. अंधारात आमच्या बायका पडतात." कुणी लक्ष देईना तेव्हा चिडून म्हणाला, "लावा पाटी. किती दिवस राहते बघू." हे शेवटचं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याच्या आधीचं कुणाच्याच नाही.

आता खरी गोम पुढे आहे. तो मुलगा नुकताच पोलीस भरतीत निवडला गेला होता. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात आलेला होता. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला असता, तर त्या कागदावर तसा शेरा गेला असता आणि नोकरी हातची गेली असती. हे साहेबांना ठाऊक होतं, सरपंचांना ठाऊक होतं आणि त्या मुलाला तर होतंच.

साहेब माणूस वाईट नव्हता. पण वरून फोन यायला लागले होते. त्यांनी तक्रारीची स्टेशन डायरीला नोंद घेतली, गुन्हा लगेच नोंदवला नाही. म्हणाले, "पाटी हाती लागू दे, मग नोंदवू." मला म्हणाले, "बाई, चला. झडती आहे."

दोन खोल्यांचं घर. कोनाड्यात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली घासूनपुसून ठेवलेली भांडी. मुलाची आई दारात उभी होती. रडली नाही, ओरडली नाही. आमच्या शिपायाने पत्र्याचे डबे उघडायला सुरुवात केली तेव्हा म्हणाली, "बघा, नीट बघा. एवढी मोठी पाटी डाळीच्या डब्यात मावते का, तेही बघून घ्या."

शिपायाने डबा खाली ठेवला.

काही सापडलं नाही. मुलाला चौकशीसाठी ठाण्यात आणून बाकावर बसवलं. साहेबांनी बरंच फिरवून फिरवून विचारलं. सभेच्या वेळी कुठे होतास? घरी. कोणी पाहिलं? कोणी नाही, सगळे सभेत होते. सभेला का गेला नाहीस?

"मागच्या वेळी गेलो होतो, साहेब. उपयोग झाला नाही."

"मग पाटी कुठे टाकलीस?"

"साहेब, मी पाटी घेऊन काय करू? मी दिवा मागितला होता."

 मी पुष्कळ चोर पाहिले आहेत. चोर आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग उत्तर देतो. हा सरळ बोलत होता. पण असं माझं मत असून काय उपयोग, ते कागदावर लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुन्हा बोलावून बसवलं, आणि एका शिपायाबरोबर मला कमानीजवळच्या चहाच्या टपरीवर पाठवलं. टपरीवाला म्हातारा होता. त्या मुलाखेरीज सभेला न गेलेला गावातला बहुधा तो एकटाच.

शिपायाने विचारलं, "काल दुपारी इथे टेम्पो, रिक्षा, काही थांबलं होतं?"

"न्हाई."

"कुणी माणूस?"

"माणूस कुठला? समदे शाळेत भाषण ऐकत व्हते. बायका तेवढ्या गेल्या इथनं. घट बसायच्या आधी धुणं काढत्यात न्हवं का, गोधड्या घेऊन कालव्यावर चालल्या व्हत्या."

"बायकांचं नाही विचारत," शिपाई म्हणाला.

टपरीवाल्याने मला चहा दिला आणि हसला. "पर बाई, आमच्या बायका बी आता शहरातल्या झाल्या बरं का. एका गोधडीला चौघी लागायला लागल्या. चार कोपरं चौघींनी धरलेली, अन् वाकून चालल्यात."

शिपाईही हसला. माझा कप तोंडापाशी थांबला.

"जाताना की येताना?" मी विचारलं.

"जातानाच की."

गोधडी भिजली की दगडासारखी जड होते. पिळायला दोघी लागतात, आणायलाही दोघी. पण धुवायला नेताना ती कोरडी असते. एक बाई डोक्यावर दोन गोधड्या टाकून चालत जाते. कोरड्या गोधडीला चौघी लागल्या, म्हणजे आत गोधडीपेक्षा जड काहीतरी होतं. आमच्या ठाण्यातल्या एकाही पुरुषाने जन्मात गोधडी धुतली नव्हती, त्यामुळे त्यांना यात विचारण्यासारखं काही दिसलं नसतं.

शिपायाला मी टपरीवरच बसवलं. कालव्यावर एकटी गेले.

बायका धुण्यातच होत्या. काठावरच्या झुडपांवर गोधड्या वाळत घातल्या होत्या, लाल, निळ्या, जुन्या लुगड्यांच्या. मधोमध एक म्हातारी बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती. मी तिला ओळखलं. सरपंचांची आई.

मी बूट काढले, पाण्यात उतरले. त्या धुणं आपटत होत्या त्या, फेसाखालच्या दगडाची कड हाताने चाचपली. कड मशीनने कापलेली, सरळ. वरची बाजू खरबरीत, धुण्याला छान. खालची बाजू गुळगुळीत असणार हे न बघताच कळलं.

"आजी, दगड नवा दिसतोय."

"नवाच हाय. पंचायतीनं दिला."

"दिला, की तुम्ही आणला?"

"एकच की. पंचायत माझ्याच पोराची हाय."

दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या.

"आणि जुना कुठे गेला?"

"कमानीच्या पायात." म्हातारीचा आवाज बदलला. "माझी सासू ज्यावर धुवायची ते दगड ठेकेदारानं उचलून नेलं, फुकटात. पोराला सांगितलं, तर म्हनतो, आई, आता घरोघर वॉशिंग मशीन येनार. म्हनलं, मशीनला पानी कुठनं येनार? मग गप. म्हनलं, बरं. तुमी आमचा दगड नेला, आमी तुमचा आनला."

"त्या दगडापायी वस्तीतल्या एका मुलाला ठाण्यात बसवलंय, माहीत आहे?"

धुणी थांबली. ही गोष्ट त्यांना खरंच माहीत नव्हती. कोणाचा मुलगा ते मी सांगितलं. त्याची नोकरी कशी अडकली आहे तेही सांगितलं.

"त्यानं काय केलं?" म्हातारीने विचारलं.

"सभेत बोलला."

"मंग ते तर खरंच बोलला." ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. ओल्या लुगड्याचं पाणी पिळलं. "चला. माझं नाव पयलं लिवा. सरपंचाची आई म्हनून लिवा."

ती माझ्याबरोबर ठाण्यात आली आणि त्या मुलाच्या शेजारी बाकावर बसली. थोड्या वेळाने सरपंच आले. तपास कुठवर आला ते विचारायला आले होते. आईला बघून दारातच थांबले.

"आई, तू इथं कशी?"

"चोरी केली."

"काय बोलतेस?"

"तुझी पाटी म्या नेली. साहेब, लिवून घ्या. उगं लोकाच्या लेकराला कशापायी बसवलंय?"

सरपंच साहेबांच्या टेबलाजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "अहो साहेब, काहीतरी गैरसमज झालाय."

साहेब अस्सल पुण्याचे. पेनाचं टोपण काढत म्हणाले, "गैरसमज कुणाचा लिहू? आपला की मातोश्रींचा?"

शेवटी सरपंचांनी लेखी जबाब दिला, की पाटी स्वच्छ करण्यासाठी कालव्यावर नेली होती, चोरी झालेली नाही, तक्रार नाही. म्हातारी मात्र बाकावरून उठेना. दगडाला दगड मिळाल्याशिवाय पाटी मिळणार नाही, म्हणाली. जुने दगड काँक्रीटमध्ये गेले होते. सरपंचांनी नवे द्यायचं कबूल केलं तेव्हाच ती उठली. दुसऱ्याच दिवशी खाणीवरून नवे दगड कालव्यावर येऊन पडले. पाटी कमानीला लागली. मंत्रीसाहेबांनी पडदा ओढला तेव्हा सरपंचांच्या नावाचा सोनेरी रंग पार घासून गेलेला होता. तेवढ्याच जागी खालचा खडा लागला असावा.

मुलाच्या पडताळणीचा कागद 'काही प्रतिकूल नाही' असा शेरा घेऊन गेला. तो पोलिसात लागला, पुढे परीक्षा देऊन अधिकारी झाला.

पण मला यातून शिकायला मिळालं ते त्याच्या आईकडून. तो सुटला त्या संध्याकाळी ती न्यायला आली होती. मी म्हटलं, "बाई, झालं सगळं. घेऊन जा मुलाला."

ती म्हणाली, "झालं ते बरं झालं. पण ज्यांनी दगड उचलला त्यांना दगड मिळणार. माझ्या पोराने सभेत नीट उभं राहून मागितलं, तर त्याला इथे बसवलं. मग पोराला मी आता काय शिकवू?"

 त्यानंतर कोणी काय चोरीला गेलं सांगत आलं, की त्याच्या आधी तिथून आणखी काय गेलं होतं, ते मी विचारायचे. आणि सभेत मोठ्याने बोलला म्हणून कुणाचं नाव घेतलं, तर ते नाव सगळ्यात शेवटी बघायचे. बहुतेक वेळा त्याची गरजच पडली नाही.

परवा त्या बाजूला गेले होते. गाव ओळखू येत नाही. रस्तारुंदीत कमान गेली, पाटीही गेली. म्हातारी कधीच वारली. कालव्याला तारेचं कुंपण आहे, आत खाणीचे ते दगड तसेच पडलेत, त्यांच्यावर गवत वाढलंय. त्या काठावर तेव्हा वाळत घातलेल्या गोधड्या मात्र मला अजून दिसतात.

वस्तीच्या रस्त्यावर त्या मुलाची आई भेटली. आता माझ्यासारखीच म्हातारी. मुलाकडे राहायला गेली नाही, इथेच आहे. दिवेलागण झाली होती आणि आमच्या डोक्यावर ओळीने दिवे लागले.

"आले की हो दिवे," मी म्हटलं.

"आले," ती म्हणाली. "गाव गेलं, तेव्हा आले."