दोनदा मत दिलेली पोर

दुष्काळानं साखर कारखाना लवकर बंद पडला आणि ऊसतोडीची माणसं अवेळीच गावाकडं परतू लागली. तेव्हा केजच्या जीपमध्ये ती माझ्यासमोर बसली होती. मांडीवर तापलेलं लेकरू, पायाशी पोत्यात गुंडाळलेला कोयता. बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन ती लेकराचे ओठ ओले करायची आणि उरलेलं पुन्हा बाटलीत ओतायची.

सतरा वर्षांच्या पोरांना मताचा हक्क द्यावा का, यावर जीपमध्ये वाद पेटला होता. सगळे मला गुरुजी म्हणत होते, त्यामुळं मला चेव चढला. "सतराव्या वर्षी काय डोंबल कळतं?"

ती लेकराकडं बघतच म्हणाली, "मी दोन डाव मत टाकलंय की, गुरुजी. खरी अठरा येत्या चैतात व्हत्याल."

मी चाट पडलो. "अगं, यादीत नाव कसं आलं?"

"लग्नाच्या वक्ताला चौदाची व्हते. शाळंतल्या सरांनी दाखल्यावर अठरा लिवून दिली."

"असा कसा मास्तर!" कुणीतरी ओरडलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. कुणाच्या तरी बापानं हात जोडले म्हणून असे तीन दाखले मीही दिले होते. त्यातल्या एकाही पोरीचा चेहरा मला आठवेना.