काळी प्यांट, पांढरा सदरा

माझ्या कपाटात रंग नाही. काळ्या कार्गो पँटी, ढगळ पांढरे टी-शर्ट, जाकिटासारखा उघडाच घालायचा एक काळा शर्ट आणि पायात पांढरे स्निकर्स. सांगलीला कुरिअरच्या ऑफिसात लागले तेव्हा रील बघून हे खूळ डोक्यात शिरलं. सकाळी उठून कशावर काय घालू ही कटकट नको, हे एक कारण. दुसरं म्हणजे मला ते शोभतं, आणि शोभतं ते घालायला लाजायचं काय? मारुती रोडवरच्या दुकानातली मुलगी माझ्यापुढं रंगीत ढीग टाकायची आणि मी म्हणायचे, बाई, हे सगळं आधी उचल.

गावाकडं मात्र डोक्याला ताप. आमचं गाव माण तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यात, दारात मेंढरं. पहिल्यांदा तशी गेले तेव्हा चुलतीनं विचारलं, कोर्टात वकील म्हणून लागलीस का काय. शेजारची म्हातारी म्हणाली, सणासुदीला काळं घालून आलीस, घरावर काय आणायचंय? मी म्हटलं, संक्रांतीला चालतंय, मग आज का नाही? तिनं तोंड फिरवलं. हसले ते एकटे आप्पा, माझे वडील. स्वतःकडं बोट दाखवून म्हणाले, आमचा तर जन्म ह्यातच गेला, पांढरं धोतर आन् काळं घोंगडं. मला फार बरं वाटलं होतं.

पुढं आप्पांचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेनं गेले. आणि आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही, कारण मेंढरं राखणाऱ्याचं डोळ्यांवाचून बरेच दिवस निभतं. आप्पा मेंढरू आवाजावरून ओळखायचे, लोकरीत हात घालून ओळखायचे, कुठलं लंगडतंय हे पाय वाजण्यावरून सांगायचे. घरात तर सगळं जागच्या जागी. एकदा जेवताना तांब्या लवंडला, पाठोपाठ पुन्हा लवंडला, तेव्हा कुठं आई चपापली. मी त्यांना सांगलीला आणून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, रोज थेंब घातले तर उरलेली टिकेल. आप्पांनी विचारलं, उरलेली म्हणजे किती दिवस? डॉक्टर मान खाली घालून औषध लिहीत राहिले. मला इतका संताप आला की बाहेर येऊन मी आप्पांवरच खेकसले, इतके दिवस का बोलला नाहीत म्हणून.

त्यांना गडद आणि फिकं एवढंच कळायचं. पुढच्या खेपेला एस्टीतून उतरून घराकडं आले तर आप्पा लिंबाखाली बसलेले. मी लांब असतानाच म्हणाले, "आली बघा आमची. काळी प्यांट, पांढरा सदरा." बाकीची माणसं त्यांना धुरकट, एकात एक मिसळलेली दिसायची. मी तेवढी सुटी दिसायची. त्या दिवशी मी घरात जाऊन रडले, पण आनंदानं.

तेव्हापासून ती फॅशन राहिली नाही, नेम झाला. असलेले चार रंगीत कुडते मी मैत्रिणींना देऊन टाकले. त्या म्हणायच्या, किती दिवस हा युनिफॉर्म घालणार आहेस? एकदा दुकानात एक मोरपंखी ड्रेस बघितला, अंगाला लावून आरशात बघितला आणि परत ठेवला. खरं सांगते, मला वीट आला होता. पण आप्पा ओळखतात म्हटल्यावर काय करणार?

आणि त्या ओळखण्यावर बरंच काही अडलं होतं. दरवर्षी दिवाळीनंतर आमची माणसं मेंढरं घेऊन कराडकडं, कृष्णाकाठाला उतरतात. लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचं. वाटेत उंब्रजपाशी हायवे ओलांडावा लागतो. मागल्या वर्षी तिथं आप्पा ट्रकपुढं गेले. चुलत्यांनी घोंगड्याला धरून मागं ओढलं म्हणून वाचले. यंदा चुलते म्हणाले, दादा, म्हणजे आप्पा, घरी राहील. आप्पांनी जेवण सोडलं. वाट बंद झाली तर माझं काय उरलं, असं ते आईला म्हणाले. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला. शेवटी चुलत्यांनी ते माझ्यावर टाकलं, पोरगी दिसतंय म्हणाली तर नेतो. मी छातीठोकपणे सांगत होते की दिसतंय. दर खेपेला माझे कपडे ओळखतात, अजून काय पाहिजे?

मेंढरं निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ऑफिसातल्या मैत्रिणीची हळद होती. सगळ्या पोरींनी पिवळंच नेसायचं असं ठरलेलं, म्हणून मी तिचीच एक साडी मागून नेसले. हळद लागायला उशीर झाला, एस्टी चुकेल म्हणून तशीच पळाले. साडीखाली माझे रोजचे स्निकर्स. विट्याला गाडी बदलताना बायका माझ्या पायांकडं बघून हसत होत्या आणि मला कशाचीच फिकीर नव्हती.

दुपारी घरी पोचले. दारात चुलते घोड्यावर लादायचं सामान बांधत होते. आई भाकरीचं गाठोडं करत होती. आप्पा लिंबाखाली मान ताठ करून बसलेले. माझी पावलं वाजली तसे ते मोठ्यानं, चुलत्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"आली बघा. काळी प्यांट, पांढरा सदरा. कोण म्हणतंय मला दिसत न्हाई?"

मी नखशिखांत पिवळी. गालाला हळदसुद्धा तशीच. चुलत्यांचा दोरीवरचा हात थांबला. आईनं पदर तोंडात धरला. खोटं तरी कुणाला सांगायचं? सगळे माझ्याकडंच बघत होते.

आप्पांनी मान इकडं तिकडं फिरवली. मग त्यांनी विचारलं, गप का झालासा सगळी? मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी खांद्यावर हात ठेवला तो साडीच्या काठावर पडला. बोटं काठावरून पुढं गेली, मागं आली आणि थांबली.

"साडी हाय," ते म्हणाले.

"व्हय आप्पा. पिवळी हाय. हळदीला गेलते."

त्यांनी हात काढला नाही. चुलत्यांच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, मेंढरं तू घेऊन जा, मी ऱ्हातो. मग माझ्याकडं वळून हलक्या आवाजात बोलले,

"पावसाळ्यापास्नंच दिसत न्हाई, बाय. तू त्येच घालून येणार ह्ये ठावं हुतं, म्हणून बोलायचो. उगा माझ्यापायी तुझं नटायचं दिस गेलं."

मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. खोटं बोलले म्हणून आला, आणि माझ्याच कपड्यांच्या भरवशावर पुन्हा त्या हायवेवर जायला निघाले होते म्हणूनही आला. पण त्यांचा हात खांद्यावर होता. मी त्यावर माझा हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं उतरली. आप्पा अंथरुणातून उठले नाहीत. कळप पार लांब जाईपर्यंत त्यांनी पांघरूण डोक्यावरून ओढून ठेवलं होतं, आणि आई चहाचा कप धरून, घ्या की, निवतोय, म्हणत बाजूला उभी होती.