काटेवाल्यांचा फोटो

आमच्या डायलिसिसच्या वॉर्डात आठवड्यातून तीनदा येणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे काटेवाले म्हणायचे. जन्मभर वजनकाटे दुरुस्त केलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या काट्यावर पाय ठेवायला नकार दिला, पिशवीतून स्वतःची वजनं काढली आणि काटा तीनशे ग्रॅमने खोटं बोलतो हे मला, वॉर्डच्या सिस्टरला, सगळ्यांदेखत दाखवलं. माणूस खडूस, पण चोख.

त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. धाकटी बहीण स्वतःचं एक द्यायला निघाली होती. तपासण्या जुळल्या, ऑपरेशनची तारीख ठरली आणि यांनी अचानक पाय मागे घेतला. एका चकचकीत क्लिनिकमध्ये जाऊन स्टेम सेल घेऊन आले. पोटावरची चरबी काढायची, तिच्यातल्या पेशी सलाइनमधून परत सोडायच्या, की मूत्रपिंड म्हणे नव्याने काम धरतं. खरं संशोधन कुठेतरी प्रयोगशाळांत मान मोडून चाललेलं असेल. बाजारात तुरी आणि क्लिनिकवाल्यांचं दुकान आधीच थाटलेलं.

महिन्याभराने ते रिपोर्ट घेऊन आले. क्रिएटिनिन, म्हणजे रक्तात साठलेल्या घाणीचा आकडा, नऊवरून चारवर. बहीण आनंदाने रडली, तारीख रद्द झाली. तपासणीला रक्त कधी दिलं, असं मी विचारलं. इथून सुटल्यावर तासाभरात, म्हणाले. क्लिनिकवाले तीच वेळ देतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या मशीनने चार तास रक्त धुवायचं आणि आकडा उतरला की श्रेय त्या भामट्यांनी लाटायचं. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं.

ते शांतपणे म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, सिस्टर. खोटा काटा मी लांबून ओळखतो. पण धाकटीला दोन लहान मुली आहेत. नुसतं नको म्हटलं तर ती ऐकणारी नाही. बरा होतोय म्हटल्यावर ऐकलं."

कुणाला सांगणार नाही, असं मी त्यांना वचन दिलं. तेव्हा माझे डोळेही भरून आले होते. त्याची आज लाज वाटते.

बहिणीची खात्री पटावी म्हणून त्यांनी क्लिनिकला फोटो लावू दिला होता. दर्शनी भिंतीवर हसरे काटेवाले, खाली नऊ आणि चार. आमच्याकडे शेजारच्या खाटेवर येणारा स्कूलबसचा ड्रायव्हर तो पाहून भुलला. त्याला तर क्लिनिकवाल्यांनी डायलिसिसच सोडायला सांगितलं. काटेवाल्यांसारख्या माणसाला पटलं, मग आपण कोण, असं तो मला म्हणाला. मशीन सोडू नकोस, असं मी बजावलं, पण तो आकडा खोटा आहे हे बोलले नाही. वचन दिलं होतं ना. बारा दिवसांनी त्याला आणलं, फुप्फुसांत पाणी भरलेलं. संध्याकाळी गेला.

दुसऱ्या दिवशी काटेवाल्यांनी रिकाम्या खाटेकडे पाहिलं. मी झालेलं सांगितलं. सुई टोचून घेताना त्यांनी विचारलं, "माझा फोटो बघून गेला होता का तो तिकडे?"

नाही म्हणता आलं असतं. आजारी, थकलेला माणूस. पण मला त्या क्लिनिकची किळस आली होती, यांची आली होती आणि सगळ्यात जास्त माझी.

"हो," मी म्हणाले. "आणि मला माहीत असून मी गप्प बसले."